बन्यामीन-युद्धांतील आंकडे आणि पाठशुद्धि

इस्राएलांच्या ‘शास्ते’ या ग्रंथाच्या शेवटच्या तीन अध्यायांत बन्यामीन वंशावर इतर वंशांनीं केलेल्या स्वारीची हकीकत आहे. गिबा येथें एका लेव्याच्या उपपत्नीवर अत्याचार होऊन ती मेली. बन्यामिनांनीं अपराधी स्वाधीन केले नाहींत, म्हणून भाऊबंदांत युद्ध जुंपलें. पहिल्या दिवशीं इस्राएलांचे २२,००० व दुसऱ्या दिवशीं १८,००० लोक पडले, तरी ते तिसऱ्यांदा चालून गेलेच.

हिब्रू पाठांत बन्यामिनांचे २६,००० व खुद्द गिबाचे ७०० लढवय्ये मोजले आहेत. त्यांपैकीं तिसऱ्या दिवशीं २५,१०० पडले, ६०० रिम्मोनच्या खडकावर निसटले. मग उरलेले १,००० गेले कोठें? पांचव्या शतकांतील आलेक्झांड्रिनस या ग्रीक पोथींत २६,००० च्या जागीं २५,००० आहेत. तेवढ्यानें हिशेब नेमका जुळतो. चौथ्या शतकांतील व्हॅटिकानस पोथींत मात्र २३,००० आहेत, म्हणजे होते त्यांहून मेले अधिक!

जुळणारा पाठ मूळ मानण्याचा मोह साहजिक आहे. आम्हांस तो मान्य नाहीं. बेरीज नीट करून देणारा लेखनिक आमच्या पोथीसंग्राहकांस अपरिचित नसावा. शिवाय दबा धरून केलेल्या हल्ल्याची हकीकत या अध्यायांत दोनदां येते, आणि मृतांची संख्या एकदां २५,१०० तर पुढें नुसती २५,००० दिली आहे. दोन वृत्तांतांचा हा सांधा उघड दिसतो. पहिल्या दोन दिवसांत बन्यामिनांचे किती पडले हें तर ग्रंथकार सांगतच नाहीं.

आंकड्यांहून महत्त्वाचा आहे तो इस्राएलांनीं देवास केलेल्या प्रश्नांतील फरक. प्रथम ते एवढेंच विचारतात कीं, आधीं कोणीं चढाई करावी. उत्तर मिळतें, यहूदानें. भावावर चढाई करावी कीं नाहीं हा प्रश्न त्यांस पहिल्या पराभवानंतर रडतांना सुचतो. थांबावें काय, हें तर तिसऱ्या खेपेसच विचारलें जातें, आणि जयाचें वचनही तेव्हांच मिळतें. त्यांच्या चिकाटीची स्तुति करणारांनीं हा क्रम पाहावा.

६०० हा आंकडा मात्र कथेस आवश्यक आहे. जयानंतर एक वंश बुडाला म्हणून तेच इस्राएल शोक करितात, याबेश-गिलादावर कत्तल करून ४०० कुमारिका आणितात, त्या पुरत नाहींत म्हणून शिलोच्या उत्सवांतील मुली पळवूं देतात. म्हणजे वांचलेले ४०० हून अधिक असलेच पाहिजेत. आलेक्झांड्रिनस-पाठाच्या शोधकानें याच ६०० पासून उलट मोजीत २५,००० गांठले असावेत, असें आम्हांस वाटतें.