रानपिंगळ्याची प्रजाती : एक पुनर्विचार

अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात आढळणाऱ्या रानपिंगळ्यास ह्यूम यांनी १८७३ मध्ये 'हेटेरोग्लॉक्स' ही स्वतंत्र प्रजाती बहाल केली. जवळजवळ ठिपकेविरहित माथा, दाट पिसांनी झाकलेले पाय व दणकट नख्या ही लक्षणे डोळ्यांत भरतात हे खरे. परंतु भक्ष्य धरण्याच्या साधनांवरून कुलवृत्तांत लिहिणे धोक्याचे असते. अशी अवयवरचना परिस्थितीनुरूप पालटते व दूरच्या जीवांतही सारखी होते. (मराठी नावाने मात्र पिंगळ्याशी असलेला आप्तभाव राखला.) शतकाहून अधिक काळाच्या खंडानंतर १९९७ मध्ये शहाद्यानजीक हा पक्षी पुन्हा गवसला, २०१८ मधील जनुकीय अभ्यासाने त्यास 'अथीनी' प्रजातीत, पिंगळ्याच्या भाऊबंदांतच बसविले. तथापि झाडीत या दोघांतील भेद ओळखावयाचा तो अद्यापि माथ्यावरूनच.