चतुर्थ कोलॅजेनची प्रतिपिंडे : एका नावाची व्याप्ती

आधारपटलाविषयीच्या प्रबंधांतून ‘चतुर्थ कोलॅजेनविरोधी प्रतिपिंड वापरले’ एवढे एकच वाक्य पुष्कळदा आढळते, आणि वाचकही ते पुरेसे समजून पुढे जातो. वस्तुतः या वाक्याने फारच थोडे सांगितलेले असते. चतुर्थ कोलॅजेन हे एक प्रथिन नसून सहा आल्फा-शृंखलांचे कुल आहे. तीन-तीन शृंखलांच्या पिळातून त्याचे तीनच प्रकारचे रेणू सिद्ध होतात. दोन आल्फा-१ व एक आल्फा-२ यांचा रेणू जवळजवळ सर्व आधारपटलांत असतो. आल्फा-३, ४ व ५ यांचा मूत्रपिंडाच्या केशिकागुच्छात, अंतर्कर्णात, नेत्रात व फुप्फुसात. आणि दोन आल्फा-५ व एक आल्फा-६ यांचा त्वचेत व बोमनच्या संपुटिकेत.

हा भेद केवळ वर्गीकरणाचा नव्हे. सेसिल आल्पोर्ट यांनी १९२७ मध्ये वर्णिलेल्या आनुवंशिक व्याधीत मूत्रपिंडाबरोबर श्रवणशक्तीही क्षीण होते. तिचे मूळ आल्फा-३, ४ किंवा ५ यांच्या जनुकांतील दोषात आहे. उंदराच्या एंगेलब्रेथ-होम-स्वार्म अर्बुदातील कोलॅजेन सशास टोचून मिळविलेले प्रतिपिंड मुख्यत्वे आल्फा-१ व २ ओळखते. अशा रोग्याच्या छेदावर ते घातले, तर पटल स्वच्छ उजळते. कारण भ्रूणावस्थेतील आल्फा-१ व २ यांचे जाळे तेथे टिकून राहिलेले असते. प्रयोग निर्दोष आणि निष्कर्ष नेमका उलटा! येथे आल्फा-५चे विशिष्ट प्रतिपिंडच उपयोगी पडते. तेही सदैव नव्हे, कारण काही रोग्यांत सदोष शृंखला रचनेत शिरते व रंजन प्राकृत दिसते.

विक्रेत्यांची पत्रके या बाबतीत विशेष साहाय्य करीत नाहीत. प्रथम, तृतीय वा पंचम कोलॅजेनशी प्रक्रिया होत नाही, असे तेथे बहुधा छापलेले असते. परंतु स्वकुलातील सहा शृंखलांपैकी कोणती ओळखली जाते, हा खरा प्रश्न पुष्कळदा अनुत्तरितच राहतो.

दुसरी अडचण ऋण निष्कर्षाची. शेजारच्या दोन रेणूंची टोके परस्परांत घट्ट बसून षट्क बनते व काही बंधनस्थाने त्यात झाकली जातात. गोठविलेल्या छेदावर आम्लयुक्त यूरियाचा संस्कार केल्यास ती उघडी पडतात. फॉर्मॅलिनने स्थिर केलेल्या ऊतकास पेप्सिन वा उष्णतेचा संस्कार लागतो. तो न करता ‘कोलॅजेन आढळले नाही’ असे लिहिणे म्हणजे मिटलेल्या डोळ्यांनी दिलेली साक्ष होय.

आल्फा-३चे जनुक नष्ट केलेले उंदीर १९९६ पासून उपलब्ध आहेत. त्यांच्या मूत्रपिंडावर आल्फा-३चे प्रतिपिंड अंधारे व आल्फा-१चे उजळ राहिले पाहिजे. असा उंदीर हाताशी नसेल, तरी प्राकृत मानवी मूत्रपिंडाचा एक छेदही बरेच काही सांगतो : आल्फा-६चे प्रतिपिंड बोमनच्या संपुटिकेवर दिसावे, केशिकागुच्छाच्या पटलावर दिसू नये.