वादळानंतरचं गणित: ऑलिव्हर सॅक्सचं रंगांधळं बेट

इन्स्टाग्रामवर स्पेनचा राजा दुसरा कार्लोस अधूनमधून भेटतो. पुढे आलेली हनुवटी, लोंबता खालचा ओठ, सुन्न डोळे. सोबत ठरलेली ओळ असते, नात्यात लग्नं केली की काय होतं बघा. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. माहिती तशी खोटी नाही. कार्लोसचे आईवडील सख्खे मामा-भाची होते आणि त्याआधीच्या पिढ्यांनीही राज्य घरातच राहावं म्हणून घरातच सोयरीक केली होती. 2009 साली संशोधकांनी या घराण्याच्या वंशावळीवरून हिशेब मांडला. एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता कार्लोसच्या बाबतीत 0.254 निघाली. सख्ख्या बहीणभावाच्या मुलात ती 0.25 असते. 1700 साली तो निपुत्रिक गेला आणि स्पेनमधली हाब्सबुर्ग शाखा संपली.

पण रीलला या हिशेबात रस नसतो. तिला पाप आणि शिक्षा दाखवायची असते. थोरामोठ्यांच्या साहित्यालाही हा मोह सुटलेला नाही. गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’मध्ये उर्सुलाला पहिल्यापासून धास्ती असते की, नात्यातल्या लग्नातून डुकराची शेपटी असलेलं मूल होईल. शेवटी ते होतं आणि घराणं संपतं. कादंबरी म्हणून ते अफाट आहे. मात्र तिथे आनुवंशिकता शापासारखी वागते. वाट बघते, नेम धरते, शेवटच्या पानावर गाठते.

या सवयीवर उतारा म्हणून मला ऑलिव्हर सॅक्स या न्यूरॉलॉजिस्ट लेखकाचं ‘द आयलंड ऑफ द कलरब्लाइंड’ हे 1997चं पुस्तक महत्त्वाचं वाटतं. त्यातला पिंगेलापचा पूर्वार्ध विशेष. पिंगेलाप हे पॅसिफिक महासागरातल्या मायक्रोनेशियाचं चिमुकलं प्रवाळबेट. 1775च्या सुमारास तिथे चक्रीवादळ आलं. बहुतेक माणसं त्यात गेली, उरलेल्यांतली बरीच नंतर उपासमारीनं गेली. जवळपास हजारांच्या वस्तीतून वीसेक माणसं वाचली, त्यांत राजा होता. काही पिढ्यांनी बेटावर अशी मुलं जन्मू लागली ज्यांना एकही रंग दिसत नव्हता आणि उन्हात डोळे उघडवत नव्हते. स्थानिक भाषेत या स्थितीला ‘मास्कुन’ म्हणतात. इतरत्र तीस हजारांत एखाद्याला असणारी ही गोष्ट सॅक्स गेला तेव्हा पिंगेलापी लोकांत साधारण बारांत एकाला होती.

यात पाप कुठे आहे? कुठेच नाही. वाचलेल्यांपैकी एकाकडे, बहुधा राजाकडेच, एका जनुकाची एक बिघडलेली प्रत होती. असा गुण अप्रभावी असतो. एक प्रत चांगली असेल तर काही जाणवत नाही, माणूस नुसता वाहक राहतो. तुम्ही-मीसुद्धा अशा काही प्रती अंगात घेऊन फिरत असतो आणि बहुतेकांना त्याचा कधी पत्ताही लागत नाही. दोन्ही पालक एकाच बिघाडाचे वाहक असले, तरच प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक शक्यता उभी राहते. वीस माणसांतून पुन्हा गाव वसवायचं, तर पुढे सगळेच एकमेकांचे कोणीतरी लागणार. बेटावरच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या लोकांकडे ती प्रत पोहोचली. पुस्तकानंतर, 2000 साली, त्या जनुकाचं नावही कळलं. सीएनजीबी3. डोळ्यातल्या शंकुपेशींना प्रकाशाचा संदेश पुढे पाठवण्यासाठी ते लागतं.

सॅक्सचा मोठेपणा असा की, हे गणित तो माणसांच्या वरचढ होऊ देत नाही. त्यानं सोबत नेलेला क्नुट नूर्दबी हा नॉर्वेचा शास्त्रज्ञ. दृष्टीचा अभ्यास करणारा आणि स्वतः पूर्ण रंगांधळा. बेटावरची मुलं आणि क्नुट एकमेकांना ओळखतात, तेही डोळे मिचकावण्यावरून. अंधाऱ्या खोपटात चटई विणणारी एक बाई येते. तिची नक्षी रंगांची नाही, उजळ-फिक्याची आहे. अंधारात ती स्पष्ट दिसते, उन्हात आणली की आपल्यासारख्यांना दिसेनाशी होते. रात्रीच्या मासेमारीत मास्कुन असलेली माणसं पटाईत. ही पानं वाचताना ‘दोष’ हा शब्द आपोआप गळून पडतो. गरोदर बाई भर उन्हात समुद्रकाठी चालली म्हणून असं मूल होतं, ही बेटावरची समजूतही सॅक्स नोंदवतो. तिची टिंगल करत नाही.

माझी तक्रार इथूनच सुरू होते. सॅक्स बेटावर एक स्वप्न घेऊन गेला होता. एच. जी. वेल्सच्या आंधळ्यांच्या देशाच्या कथेसारखा एक देश असेल, जिथे रंग न दिसणाऱ्यांची स्वतःची संस्कृती असेल आणि उणीव ही उणीवच राहणार नाही. हे स्वप्न पुस्तकाच्या नावातच बसलंय. पण बारांत अकरांना रंग दिसतात, त्यामुळे ते बेट रंगांधळ्यांचं नाहीच. शाळेत मास्कुन असलेल्या मुलांना फळा वाचता येत नाही. हे सॅक्सच सांगतो, प्रामाणिकपणे सांगतो आणि पुढे सरकतो. सोबत नेलेले गडद गॉगल वाटले जातात, त्याचा आनंद पानावर उतरतो. पण साधा गॉगल आणि साधं भिंग इथवर यायला एका प्रसिद्ध लेखकाची वाट का पाहावी लागली, हा प्रश्न पुस्तक तितक्या जोरानं विचारत नाही.

इथे मार्थाज व्हिनयार्ड हे अमेरिकेतलं बेट आठवतं. तिथेही लहान वस्ती आणि आपापसातली लग्नं यांतून आनुवंशिक बहिरेपणा पसरला होता. पण एकोणिसाव्या शतकात त्या बेटावर ऐकू येणारे लोकही खुणांची भाषा बोलायचे. समाजानं स्वतःला वळवलं होतं. पिंगेलापनं मास्कुनला आपलं मानलं, पण फळा मात्र जागचा हलला नाही. आपलं मानणं आणि सोय करणं यांतलं हे अंतर पुस्तकाचा खरा विषय होऊ शकलं असतं. काही दिवसांच्या मुक्कामात, विमानाच्या वेळापत्रकात, ते राहून गेलं.

तरीही हे पुस्तक मराठी वाचकानं वाचावं, कारण त्यातलं गणित आपल्या घरातलं आहे. मामाच्या मुलीशी लग्न हा आपल्याकडे अनेक समाजांत हक्काचा मामला आहे. चुलत, मामे, आते, मावस भावंडांच्या मुलांत जन्मजात आजारांची शक्यता सर्वसाधारण दोन-तीन टक्क्यांवरून पाच-सहा टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे धोका खरा आहे, पण बहुसंख्य मुलं निरोगी असतात. शाप असं वागत नाही, शक्यता असंच वागते.

आणि ज्यांच्या घरी नात्यात लग्न होत नाही, त्यांनीही हसू नये. 2017 साली दक्षिण आशियातल्या 263 समाजगटांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या 81 गटांत थोड्याशा पूर्वजांपासून वाढल्याच्या खुणा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक निघाल्या. त्यांतल्या काही गटांची लोकसंख्या दहा लाखांच्या वर आहे. पिंगेलापला चक्रीवादळानं लहान केलं. आपण पत्रिकेच्या आधी जात बघतो आणि शेकडो वर्षं आपापली बेटं सांभाळतो. वैश्य समाजात एका विकराची कमतरता जास्त आढळते, त्यामुळे भूल देताना वापरलं जाणारं एक औषध काहींना फार वेळ निष्क्रिय ठेवतं. भूलतज्ज्ञांना हे ठाऊक असतं. मॅट्रिमोनी अ‍ॅपवरच्या फिल्टरला ते ठाऊक नसतं.

अशा मुलाच्या जन्मानंतर घरात विचारला जाणारा पहिला प्रश्न असतो, हे कुणाकडून आलं? बोट बहुतेक वेळा आईकडे जातं. अप्रभावी गुणाचं उत्तर मात्र सरळ आहे. दोघांकडूनही आलं आणि दोघांनाही ते माहीत नव्हतं. सॅक्सच्या पुस्तकातलं बेट त्याच्या स्वप्नाइतकं सुंदर नाही, पण त्या प्रश्नातली बोच ते काढून घेतं. त्या रीलखाली हसण्यापूर्वी निदान पिंगेलापची पन्नास पानं वाचा.