आठ चिन्हे आणि चोवीस हजार बाइट

आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरवर गूढ संगणकभाषांचे इंटरप्रिटर लिहिण्याचा उद्योग बहुधा चमत्कार म्हणून नावाजला जातो. एवढ्याशा यंत्रात एवढी भाषा मावली, येथेच कौतुक थांबते. परंतु जी मावली ती मूळचीच भाषा आहे काय, हा टीकेचा खरा प्रश्न होय. इंटरप्रिटर हा एका अर्थी भाषेचा भाष्यकार. तेव्हा त्याने काय राखले याबरोबरच काय गाळले, हेही तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे १९९९ मधील टीआय-८३ प्लस हे यंत्र आणि अर्बन म्युलर याने १९९३ मध्ये रचलेली ब्रेनफक ही भाषा, यांची गाठ या दृष्टीने उद्बोधक आहे. भाषेचे नाव ग्राम्य, रचना मात्र कमालीची मिताक्षरी. अवघी आठ चिन्हे; बाकीचा सर्व मजकूर टिप्पणी समजून सोडून द्यावयाचा. अमिगा संगणकासाठी अत्यल्प आकाराचा कंपायलर लिहिता यावा, हा तिच्या निर्मितीचा हेतू होता. ही आठही चिन्हे कॅल्क्युलेटरवर उमटवता येतात. तथापि तेथे उणे चिन्हे दोन आहेत, वजाबाकीचे एक व ऋणसंख्येचे दुसरे. यंत्राच्या लेखी ती भिन्न. चुकीची कळ दाबली गेल्यास ते चिन्ह टिप्पणी म्हणून निमूटपणे वगळले जाते आणि उत्तर बिघडते. दोन्ही उणे एकच मानणारा इंटरप्रिटर नियमाचे अक्षर मोडतो खरे, पण आशय राखतो.

स्मृतीचा प्रश्न अधिक बिकट. म्युलरच्या पट्टीत ३०,००० घरे होती. टीआय-बेसिकच्या यादीत ९९९ हून अधिक पदे बसत नाहीत आणि प्रत्येक वास्तव संख्या ९ बाइट व्यापते. म्हणजे पूर्ण यादीलाच ८,९९१ बाइट लागतात. वापरण्याजोगी स्मृती सुमारे २४,००० बाइटांची. असेंब्लीत उतरून प्रत्येक घराला एकच बाइट दिला, तरी मूळ पट्टी मावत नाही. तेव्हा पट्टी आखूड करणे अपरिहार्य आहे. ती किती आखूड केली हे न सांगता हजाराव्या घरापाशी आज्ञावली अकस्मात तुटू देणे मात्र क्षम्य म्हणता येणार नाही.

घरातील मूल्य ० ते २५५ या मर्यादेत फिरते ठेवण्याचे काम याउलट निर्दोष साधते. शेष काढणारी तयार आज्ञा या यंत्रात नाही. मूल्यात २५६ मिळवून त्यास २५६ ने भागावे, अपूर्णांक तेवढा घ्यावा व पुन्हा २५६ ने गुणावे. यंत्राचे गणित दशमान असले तरी १/२५६ हा सांत दशांश, ०.००३९०६२५, असल्याने त्रुटी शिरत नाही.

कंसांच्या जोड्यांपाशी लेखकाची खरी पारख होते. प्रत्येक फेरीत जोडीचा कंस नव्याने शोधणे सोपे. परंतु टीआय-बेसिक ही स्वतःच अर्थ लावत चालणारी भाषा, त्यामुळे ६ मेगाहर्ट्झच्या झेड-८० वर ते असह्य मंद होते. आरंभीच जोड्यांची यादी केल्यास ५०० चिन्हांच्या आज्ञावलीला आणखी ४,५०० बाइट पडतात. तो खर्च करावाच. चक्र हाच या भाषेचा प्राण आहे.

छपाईच्या चिन्हापाशी भाष्य लंगडे पडते. संकेतांकावरून अक्षर देणारी आज्ञा नसल्याने अक्षरांची एक माळ करून तीतून एकेक अक्षर वेचावे लागते. वाचनाचेही तेच: ‘ए’ या अक्षराची कळ ६५ हा संकेतांक न देता ४१, म्हणजे चौथी ओळ व पहिला स्तंभ, हा आपला स्थानांक देते. अक्षराऐवजी संख्याच दाखवणारे इंटरप्रिटर रूक्ष वाटतात, पण प्रामाणिक असतात.

ख्रिस प्रेसी याची बेफंज (१९९३) शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे. तिचे क्षेत्र ८० × २५, म्हणजे २,००० घरांचे. मॅट्रिक्समध्ये मांडल्यास १८,००० बाइट, आणि उरलेल्या सुमारे ६,००० बाइटांत स्टॅक व इंटरप्रिटर दोन्ही बसवावयाचे. येथे दिशा बाणांनी ठरते, त्यामुळे कंसांचा शोध नाही. कंपायलरला अवघड जावी म्हणून रचलेली ही भाषा इंटरप्रिटरला बरीच वश होते. पडद्यावर मात्र एका वेळी १६ अक्षरांच्या ८ ओळीच दिसतात. क्षेत्र सरकवून दाखवण्याची सोय नसलेला इंटरप्रिटर बेफंजची आज्ञावली चालवतो, पण वाचू देत नाही.