‘पेशी वाढल्या’ म्हणजे नेमके काय वाढले?

दाताच्या इम्प्लांटविषयीचे लिखाण चाळताना एक विधान हमखास भेटते : विशेष प्रक्रिया केलेल्या टायटॅनियमवर हाडाच्या पेशी अधिक चांगल्या वाढतात. विधान खोटे नाही. पण त्यातल्या ‘वाढतात’ या क्रियापदाची उलटतपासणी क्वचितच होते. त्या शब्दाची किंमत शेवटी रुग्णच मोजतो.

स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात बसवलेले टायटॅनियमचे स्क्रू नुसते यंत्रावर कातलेले होते. तेही हाडाने धरले आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकले. पुढे बारीक कणांचा मारा करून आणि आम्लाने कोरून पृष्ठभाग खडबडीत करण्याची पद्धत रुळली. एक ते दोन मायक्रोमीटर इतका सरासरी खडबडीतपणा हाडाला मानवतो, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते.

प्रयोगशाळेत मात्र चित्र गुंतागुंतीचे आहे. 1990च्या दशकात बार्बरा बोयान यांच्या गटाने एमजी-63 या पेशी वेगवेगळ्या पृष्ठभागांवर वाढवल्या. खडबडीत पृष्ठभागावर पेशींची संख्या कमी भरली, पण परिपक्वतेची खूण असलेले ऑस्टिओकॅल्सिन हे प्रथिन वाढले. म्हणजे निव्वळ डोकी मोजणारा संशोधक त्या पृष्ठभागाला नापास करील आणि प्रथिन मोजणारा पहिला नंबर देईल. पेशी जोमाने विभागत असते, तेव्हा ती सहसा हाड रचण्याच्या कामाला लागलेली नसते. शिवाय एमजी-63 या पेशी मुळात हाडाच्या कर्करोगातून आलेल्या. निरोगी जबड्याची साक्ष त्यांच्याकडून किती घ्यावी?

जिवंत हाडात काळाचा प्रश्नही येतो. डॅनियल बूझर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये छोट्या जातीच्या डुकरांच्या वरच्या जबड्यात दोन खडबडीत पृष्ठभाग तपासले : एक नेहमीचा, दुसरा पाणी सहज धरणारा. दोन आठवड्यांनी हाडाचा धातूशी संपर्क 29 विरुद्ध 49 टक्के होता. चार आठवड्यांनी 67 विरुद्ध 82. आठव्या आठवड्यात मात्र दोघांत फरक उरला नाही.

हा सुरुवातीचा फायदा क्षुल्लक नाही. हाड ठिसूळ असेल किंवा कृत्रिम दात लवकर बसवायचा असेल, तर ते आठवडे मोलाचे ठरतात. परंतु लवकर धरणे म्हणजे दीर्घकाळ टिकणे नव्हे. हिरडी मागे सरून तोच खडबडीत भाग तोंडात उघडा पडला, तर त्यावर जंतूंचा थरही सहज साचतो. पेशींना जे आवडते ते जंतूंनाही आवडू शकते.

म्हणून अशा प्रत्येक शोधनिबंधाला तीन प्रश्न विचारावेत : काय मोजले, कशात मोजले आणि किती दिवसांनी मोजले? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत ‘पेशी वाढल्या’ हे निरीक्षण म्हणून मान्य करावे. आश्वासन म्हणून नव्हे.