वास्तुकला, आधुनिक दक्षिण आशियाई
विसाव्या शतकात भारत, पाकिस्तान, बांगला देश व श्रीलंका या देशांत, वास्तुकलेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या एतद्देशीय वास्तुशिल्पज्ञांनी निर्माण केलेली वास्तुकला. ल कॉर्ब्यूझ्ये चंडीगढच्या कामासाठी १९५१ मध्ये भारतात आला, तेथून या वास्तुकलेचा आरंभ झाला, असे सामान्यतः मानले जाते. हे मत अपुरे आहे. प्रबलित काँक्रीटचा वापर, शिक्षणसंस्था, व्यावसायिक संघटना आणि वास्तूचे ‘भारतीयत्व’ कशात आहे हा वाद, या चारही गोष्टी स्वातंत्र्यापूर्वीच अस्तित्वात आल्या होत्या. स्वातंत्र्यामुळे बदलला तो प्रामुख्याने आश्रयदाता व त्याची वास्तूकडून असलेली अपेक्षा. या बदलात काय टिकले व काय गमावले, हाच या वास्तुकलेच्या मूल्यमापनातील मध्यवर्ती प्रश्न होय.

स्वातंत्र्यपूर्व काळ : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महत्त्वाच्या शासकीय इमारतींचे अभिकल्प बहुधा इंग्रज वास्तुशिल्पज्ञ किंवा सार्वजनिक बांधकाम खात्यातील अभियंते करीत. एतद्देशीयांच्या वाट्याला आरेखकाचे व देखरेखीचे काम येई. याच काळात रूढ झालेल्या इंडो-सॅरसेनिक शैलीत घुमट, छत्री, जाळी, कमान हे घटक मूळ वास्तुरचनेपासून सुटे करून पाश्चात्त्य धर्तीच्या इमारतींवर योजण्यात आले. जॉर्ज विटेटने अभिकल्पिलेले मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझीयम (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) हे या शैलीतील सरस उदाहरण होय. कुर्ला व मालाड येथील दगड आणि विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा घुमट यांचा त्यात संयमित मेळ आहे. तथापि परंपरा म्हणजे अलंकरणाचा साठा, ही या शैलीमागील दृष्टी तेथेही सुटलेली नाही.

या दृष्टीला पहिला छेद शिक्षणाने दिला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील वास्तुकला विभागाचे क्लॉड बॅटली (१८७९–१९५६) हे १९२३ पासून १९४३ पर्यंत प्रमुख होते. विद्यार्थ्यांनी जुन्या वास्तूंची प्रत्यक्ष मोजमापे घेऊन त्यांची आरेखने करावीत, असा त्यांचा आग्रह असे. घुमटापेक्षा चौक, ओसरी व छज्जा यांत परंपरेचे मर्म आहे, हा विचार त्यातून पुढील पिढीत रुजला. याच शाळेतील विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये स्थापलेल्या संघटनेतून १९२९ मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ ही अखिल भारतीय संस्था आकारास आली.

या पिढीला मोठी कामे दिली ती शासनाने नव्हे, तर विमा कंपन्या, व्यापारी व चित्रपटगृहांचे मालक यांनी. मुंबईत समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेस १९३० नंतरच्या दशकात आर्ट डेको शैलीतील इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. मास्टर, साठे व भुता यांची न्यू इंडिया ॲश्युअरन्स इमारत (१९३६), सोहराबजी भेदवार यांचे इरॉस चित्रपटगृह (१९३८) आणि गजानन बाबूराव म्हात्रे (१९०२–७३) यांची ‘सूना महाल’सारखी निवासस्थाने उल्लेखनीय आहेत. न्यू इंडिया इमारतीच्या दर्शनी भागावर ना. ग. पानसरे यांनी घडविलेल्या श्रमिकांच्या उत्थित आकृती इमारतीच्या उभ्या रेषांशी एकजीव झाल्या आहेत. ही शैली पाश्चात्त्यांची उथळ नक्कल आहे, असा आक्षेप घेतला जातो. सजावटीपुरता तो काही अंशी खरा असला, तरी खिडक्यांवरील सलग छज्जे, गोलाकार सज्जे आणि वारा आरपार खेळेल अशी खोल्यांची मांडणी ही मुंबईच्या पावसाला व दमट हवेला दिलेली उत्तरे आहेत. दर्शनी भाग परका, पण गृहरचना येथील, असे या इमारतींचे स्वरूप आहे.

याउलट श्रीशचंद्र चतर्जी यांनी प्राचीन वास्तुरूपांच्या पुनरुज्जीवनाचा पुरस्कार केला. दिल्लीचे लक्ष्मीनारायण मंदिर (१९३९) ही त्यांची सुपरिचित कृती होय. मंदिराला शोभणारे शिखर शासकीय कचेरीला किंवा महाविद्यालयाला कसे शोभावे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मात्र या चळवळीला देता आले नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ : स्वातंत्र्यानंतर शासन हेच सर्वांत मोठे आश्रयदाते झाले. निर्वासितांच्या वसाहती, प्रयोगशाळा, तंत्रशिक्षणसंस्था व नव्या राजधान्या यांची निकड होती. तेव्हा वरील वाद शासकीय पातळीवर पुन्हा उभा राहिला. बंगलोरचे विधान सौध (१९५६) आणि गणेश बिकाजी देवळालीकर यांनी अभिकल्पिलेली सर्वोच्च न्यायालयाची इमारत (१९५८) यांत परंपरेतील स्तंभ, घुमट व भव्यता यांचा आधार घेण्यात आला. दुसरा प्रवाह अमेरिकेत शिकून आलेल्या तरुणांचा होता. मार्च १९५९ मध्ये ललित कला अकादेमीने दिल्लीत भरविलेल्या परिसंवादात या दोन्ही बाजूंची चर्चा झाली. उद्‌घाटक जवाहरलाल नेहरू यांचा कल नव्या प्रयोगांकडे होता.

दुसऱ्या प्रवाहातील अच्युत कानविंदे (१९१६–२००२) हे मूळचे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आचरे गावचे. मुंबईतील शिक्षणानंतर त्यांनी हार्व्हर्ड येथे वॉल्टर ग्रोपिअसच्या हाताखाली अध्ययन केले. अहमदाबादच्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेची त्यांची इमारत निर्दोष, पण काहीशी अलिप्त वाटते. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत मात्र विभागांना जोडणारे छायायुक्त मार्ग व विटांचा उघडा पोत यांमुळे त्यांच्या रचनेला प्रदेशाचा स्पर्श झाला. मेहसाणा येथील दूधसागर दुग्धालयात उष्ण हवा बाहेर टाकणारे उंच धुराडीवजा मनोरेच वास्तूचे रूप ठरवितात. येथे अलंकरण नाही व परंपरेची घोषणाही नाही. तरीही ही वास्तू अन्यत्र उभी राहती, तर तिचे रूप वेगळे झाले असते. हबीब रहमान (१९१५–९५) यांच्या दिल्लीतील रवींद्र भवनातही (१९६१) जाळी व रुंद छज्जे सजावटीसाठी नसून उन्हासाठी आहेत.

चंडीगढची ख्याती तेथील भव्य शासकीय संकुलावर आधारलेली आहे. त्या संकुलाचे शिल्पसदृश सामर्थ्य निर्विवाद असले, तरी इमारतींमधील विस्तीर्ण फरसबंद पटांगण उन्हाळ्यात पायी चालणाऱ्याला दुःसह होते. एतद्देशीयांच्या दृष्टीने चंडीगढचे अधिक मोठे कार्य म्हणजे ऊर्मिला चौधरी, आदित्य प्रकाश, म. ना. शर्मा यांसारख्या वास्तुशिल्पज्ञांना तेथे मिळालेला अनुभव होय.

पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी (१९२७–२०२३) हे ल कॉर्ब्यूझ्येच्या पॅरिसमधील कार्यालयात काम करून परतले; परंतु ‘संगत’ (१९८०) या अहमदाबादमधील आपल्या कार्यालयात त्यांनी जमिनीत अर्धवट रुतलेली, कमानी छपरांची सर्वस्वी वेगळी वास्तू घडविली. चार्ल्स कोरिआ (१९३०–२०१५) यांच्या साबरमती येथील गांधी स्मारक संग्रहालयात (१९६३) सहा मीटर चौरसाच्या दालनांची विटांचे खांब, कौलारू छप्पर व लाकडी झडपा यांनी साधलेली रचना आहे. त्यांच्या मुंबईतील ‘कांचनजंगा’ (१९८३) इमारतीत बंगल्याची ओसरी दुमजली सज्जाच्या रूपाने आकाशात चढली आहे. पश्चिमेचा वारा हवा, पण तिकडचे ऊन व पाऊस नको, हा म्हात्रे यांच्या पिढीचाच प्रश्न येथे पुन्हा सोडविलेला दिसतो. ही सोय धनिकांपुरती राहिली, ही तिची मर्यादा. नव्या मुंबईतील बेलापूर येथील कोरिआ यांची वसाहत व इंदूर येथील दोशी यांची अरण्य वसाहत यांत, रहिवाशांना ऐपतीप्रमाणे वाढविता येईल अशा घरांचा विचार झाला, म्हणून त्या अधिक महत्त्वाच्या ठरतात.

शेजारील देश : फाळणीने व्यवसायाचे संबंध एकदम तुटले नाहीत. कराचीतील महंमद अली जिनांची कबर मुंबईचे वास्तुशिल्पज्ञ याह्या मर्चंट यांनी अभिकल्पिली. श्रीलंकेच्या मिनेट डि सिल्व्हा (१९१८–९८) मुंबईत शिकल्या. मार्ग या नियतकालिकाच्या उभारणीतही त्यांचा सहभाग होता. कँडी येथील त्यांच्या करुणारत्ने निवासात प्रबलित काँक्रीटबरोबर स्थानिक विणकर व कुंभार यांच्या कारागिरीचा उपयोग केलेला आहे. जेफ्री बावा (१९१९–२००३) यांना पुढे लाभलेल्या कीर्तीमुळे त्यांचे हे आद्य कार्य दीर्घकाळ झाकोळले गेले. डाक्का येथील कला महाविद्यालयात (१९५३–५६) मझहरुल इस्लाम (१९२३–२०१२) यांनी जुनी झाडे राखून विटांच्या जाळ्या व मोकळ्या ओसऱ्या योजल्या. ही वास्तू लूइस कान डाक्क्यात येण्यापूर्वीची आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पाकिस्तानच्या यास्मीन लारी यांनी २००५ च्या भूकंपानंतर माती, चुना व बांबू यांच्या स्वस्त घरांना वाहून घेतले. २०२३ मध्ये त्यांना ब्रिटनचे रॉयल सुवर्णपदक मिळाले.

मूल्यमापन : ‘देशी’ व ‘आधुनिक’ हा या वास्तुकलेवरील चर्चेत वारंवार येणारा भेद फारसा उपयुक्त नाही. स्वातंत्र्यापूर्वी काय किंवा नंतर काय, परंपरा दर्शनी भागावर चिकटविणाऱ्या इमारती निस्तेज ठरल्या. हवामान, साहित्य व वापर यांतून आकार शोधणाऱ्या टिकल्या. बहुसंख्य लोकांची घरे मात्र गवंडी व कंत्राटदारच बांधीत आले. वास्तुशिल्पज्ञांचा व्यवसाय त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचला.

या वारशाच्या जतनाबाबतही विसंगती आढळते. मुंबईच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. उलट राज रेवाल व अभियंते महेंद्र राज यांनी १९७२ मध्ये उभारलेले दिल्लीतील ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे विशाल काँक्रीट सांगाड्याचे प्रदर्शनगृह एप्रिल २०१७ मध्ये पाडण्यात आले. साठ वर्षेही पूर्ण न झालेली वास्तू वारसा ठरत नाही, हा युक्तिवाद त्या वेळी पुढे आला. पोलादी सांगाडा महाग होता, म्हणून तेथे काँक्रीटचे सांधे मजुरांच्या हातांनी घडविले गेले होते. म्हणजे स्वतंत्र देशाच्या मर्यादेतूनच ते रूप जन्मले होते. केवळ वयाच्या कसोटीवर वारसा ठरविल्यास स्वातंत्र्योत्तर काळातील मोजक्या अस्सल कृती जुन्या होण्यापूर्वीच नष्ट होण्याचा संभव आहे.