साम्राज्य बुडाल्यानंतर

कादंबरीत एखादे उद्ध्वस्त शहर उभे करायचे असले, तर लेखकाला चार पडक्या भिंती आणि एक भुकेला कुत्रा पुरतो. नायक ज्या गल्लीतून जातो तेवढीच लिहावी लागते. शेजारच्या गल्लीत काय आहे, हे विचारण्याची वाचकाला मुभा नसते. भूमिका-खेळात ती मुभा खेळणाऱ्याला असते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एकेका पात्राच्या तोंडून बोलतात. सूत्रधार जग सांगतो आणि फासे निकाल देतात. कोणी म्हणाला, ‘मी शेजारच्या गल्लीत वळतो,’ की तेथे काहीतरी असावेच लागते. म्हणून या खेळांसाठी रचलेली जगे वाङ्मयाच्या अभ्यासकाने तपासावी अशी आहेत. तेथे वर्णनावर वेळ मारून नेता येत नाही; कारणे द्यावी लागतात.

ताऱ्याताऱ्यांवर पसरलेले साम्राज्य कोसळले आहे आणि माणसे त्याच्या अवशेषांत जगत आहेत, ही कल्पना या खेळांची फार आवडती. तिचे मूळ आयझॅक आसिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’मध्ये सापडते. त्याच्या कथा १९४२ पासून मासिकात येऊ लागल्या, १९५१ मध्ये पहिले पुस्तक झाले आणि त्यामागची प्रेरणा रोमचा ऱ्हास सांगणाऱ्या गिबनची होती. परंतु आसिमॉव्हला गिबनप्रमाणे कथा सांगायची होती. खेळाच्या रचनाकाराला असे पडके घर बांधायचे असते, की ज्यात परक्याने येऊन राहावे.

मार्क मिलर याचा ‘ट्रॅव्हलर’ हा खेळ अमेरिकेत १९७७ मध्ये आला. त्यातला एक नियम मला विलक्षण वाटतो. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी घेण्यास जहाजाला सुमारे एक आठवडा लागतो, आणि जहाजाहून वेगाने कोणताही निरोप जात नाही. या एका नियमातून सारे साम्राज्य उभे राहते. राजधानीचा हुकूम सरहद्दीवर पोहोचेपर्यंत महिने लोटतात. म्हणून सरदार हवेत, त्यांना अधिकार हवेत, आणि त्यांच्या इमानावर विसंबणे भाग आहे. प्रत्येक ग्रहाची बंदर, आकार, हवा, पाणी, लोकसंख्या, राज्यपद्धती, कायदा व तंत्रज्ञान ही लक्षणे फाशांनी ठरतात आणि अंकाक्षरांच्या एका लहानशा ओळीत मावतात.

१९८७ च्या आवृत्तीत या साम्राज्याच्या सम्राटाचा खून झाला व यादवी माजली. १९९१ च्या ‘हार्ड टाइम्स’ या पुरवणीत ती यादवी ग्रहाग्रहांपर्यंत पोहोचली. बंदरे ओस पडली, व्यापार आटला, आणि जेथली हवा श्वासाला चालत नाही अशा ग्रहांवर यंत्रे बंद पडू लागताच माणसे मरू लागली. आपल्या माहितीच्या त्याच ओळीतले अंक घसरताना खेळणाऱ्याने पाहिले. माझ्या मते या मालिकेतला खरा ऱ्हास हाच. कारण तो मूळच्या नियमातूनच आला. जहाजे थांबली की जग तुटते, हे पहिल्या दिवसापासून तेथे लिहिलेलेच होते.

१९९३ च्या ‘न्यू एरा’त मात्र रचनाकारांचा धीर सुटला. युद्धात अस्त्र म्हणून सिद्ध केलेला एक यंत्रविषाणू मोकाट सुटतो, जहाजांची व शहरांची गणकयंत्रे माणसांवर उलटतात, आणि थोड्याच काळात सारे संपते. वाळवीने पोखरलेले घर पडण्याच्या बेतात असताना त्यावर वीज पाडावी, तसे हे झाले. वाळवीची गोष्ट त्यामुळे अर्धीच राहिली.

केविन क्रॉफर्ड याच्या २०१० मधील ‘स्टार्स विदाउट नंबर’ची बांधणी अधिक घट्ट आहे. तेथे ग्रहांना जोडणारी महाद्वारे मनःशक्ती असलेल्या माणसांवर चालतात. २६६५ साली एक अज्ञात आघात होतो. ती माणसे मरतात वा वेडी होतात, द्वारे बंद पडतात, आणि बाहेरच्या मालावर जगणारे ग्रह उपाशी मरतात. ज्यावर संस्कृती विसंबली तेच मोडले. शिवाय ही विद्या जिवंत गुरूकडूनच मिळणारी होती. शिकवणारे एकदम नाहीसे झाल्यावर नवी मुले ती शक्ती घेऊन जन्मली तरी त्यांना वळण लावणारे कोणी उरले नाही. शाळामास्तर म्हणून मला याहून भयंकर प्रलय सुचत नाही.

तरीही मन हेलावते ते सदोष ‘न्यू एरा’नेच. क्रॉफर्डचा खेळ ३२०० साली सुरू होतो. आघाताला पाच शतके उलटलेली असतात. तेथे अवशेष आहेत, पण शोक करणारे कोणी नाही. पडझड ही हळूहळू लुटीची जागा होते. ‘न्यू एरा’त प्रलयाला सुमारे सत्तरच वर्षे झाली आहेत. एखादी म्हातारी अजून सांगू शकते, की लहानपणी येथे दर आठवड्याला जहाज येत असे. आणि खेळणारे स्वतःही त्या साम्राज्यात पंधरा वर्षे वावरले होते. त्यांतले पुष्कळ जण रागावले. पुढे १९९८ च्या एका आवृत्तीने तर सम्राटाचा खून झालाच नाही असे धरून गोष्ट नव्याने चालू केली.

हा राग मला समजतो. ही माघार पटत नाही. दहाजणांनी मिळून वसवलेले जग एकट्याने मोडावे काय? मोडावे, पण मोडण्याचे कारण त्या जगातच असले पाहिजे, आणि तुकडे ओळखू येतील इतपत तरी शिल्लक राहिले पाहिजेत. असे जग रचू पाहणाऱ्याने मेलेल्यांची संख्या आधी ठरवू नये. आपली माणसे कशावर विसंबून होती, ते ठरवावे. त्यातले कोणते आता त्यांना करता येत नाही, आणि ते आठवणारे कोण उरले आहे, ते ठरवावे. एवढे नक्की झाले, की शेजारच्या गल्लीत काय आहे, याचे उत्तर सूत्रधाराला शोधावे लागत नाही.